थोरली प्रगत, धाकटा निपुण

"बाई, थोरली प्रगत होती. ह्यो निपुण हाय म्हंता. मग ह्या दोघांत पुढं कोण?"

पालकसभा उरकून चटया गुंडाळत होते, तेव्हा एका आईनं हे विचारलं. तिची थोरली आता बारावीला आहे, धाकटा माझ्याकडे तिसरीत. सातारा जिल्हा परिषदेच्या शाळांत मी या दोन्ही शब्दांच्या काळात शिकवलं, दोन्हींचे तक्ते भरले. तरी उत्तर चटकन तोंडात येईना.

'प्रगत' आला तो २२ जून २०१५ च्या शासन निर्णयातून. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा राज्याचा कार्यक्रम, पहिली ते आठवीपर्यंतचा. पायाभूत चाचणी, मग संकलित चाचण्या, आणि त्यावरून मूल आपल्या इयत्तेच्या मानानं कुठं आहे ते बघायचं. प्रगतीची पाटी मुलापेक्षा शाळेला जास्त लागायची. 'आमची शाळा प्रगत झाली' असं आम्ही म्हणायचो, जशी एखादी ग्रामपंचायत हागणदारीमुक्त होते तशी.

'निपुण' दिल्लीहून आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान सगळ्यात आधी ठेवलं आणि ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं. वय तीन ते नऊ, आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणारं प्रत्येक मूल समजून वाचणारं हवं. इथं पाटी शाळेला नाही, पोराला. मापही ठरलेलं: पहिलीत चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं, दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०. मजकूर अनोळखी, वाचन अचूक आणि अर्थासह. यातला 'अर्थासह' कागदावर असतो आणि वर्गात हमखास गळतो, त्याकडे पुढं येतेच.

तर चाचण्या असल्या तरी प्रगत मुळात विचारायचा, मूल शिकतं कसं. निपुण विचारतो, किती आणि कधीपर्यंत. गोंधळ होतो कारण दोन्हींच्या कागदांवर वाचन, लेखन, गणन हेच शब्द असतात, आणि तक्तेही आम्हीच भरतो.

आम्हा सातारकरांना प्रगत जरा जास्त जवळचा, कारण त्याचं उगमस्थान घरातलं. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद (मूल स्वतः करून, जुळवून शिकतं हा विचार) पुस्तकातून काढून फरशीवर उतरवला होता. राज्यभरातून शिक्षक ते बघायला यायचे. आम्ही पाचजणी जीप करून गेलो. रांगा नाहीत, बाई समोर उभ्या नाहीत. पोरं जमिनीवर आखलेल्या गोलांभोवती, हातात चिंचोके नि शब्दांच्या चिठ्ठ्या. एक मुलगी मांडलेला शब्द बघून स्वतःशीच पुटपुटली, "न्हाई, हितं काना पायजे," आणि चिठ्ठी बदलली. तिला कुणी चूक सांगितली नव्हती. माझं प्रशिक्षण तेवढ्या एका वाक्यात झालं म्हणा ना.

परत येऊन आम्ही काय केलं? ऑइलपेंट आणला आणि फरशी रंगवली. वर्षभर वर्गणीतून पैसे गेले ते रंगात. गोल झाले, फुलं झाली, बाराखडीची गाडी झाली. त्या मुलीनं चिठ्ठी का बदलली, हे मात्र जीपमध्येच राहिलं.

निपुणचं प्रशिक्षण याच्या अगदी उलट्या वाटेनं आलं. निष्ठा ३.० या शिक्षक-प्रशिक्षणाचे दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे बारा ऑनलाइन कोर्स, शिवाय पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेकडून डाएटला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेला (साताऱ्याची फलटणला आहे), तिथून तालुक्याच्या सुलभकांना, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना, आणि मग आम्हाला. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात किती पोचतं, ते शेतकऱ्याला विचारा. पण न्याय करायचा तर, पहिलीतलं वाचन पायरीपायरीनं कसं घ्यायचं हे निपुणनं जितकं नेमकं सांगितलं, तितकं प्रगतनं सांगितलं नव्हतं. कुमठ्याला जाणं सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. कोर्स सगळ्यांपर्यंत आला. मी त्यातले दोन भाकरी थापता थापता ऐकले, हा दोष माझा.

फलटणवरून आठवलं. तिथली प्रगत शिक्षण संस्था आणि २०१५ चा प्रगत महाराष्ट्र यांचा नावापुरताच संबंध. मॅक्सिन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तिथं मराठी वाचन शिकवण्याचं काम शासनाच्या कितीतरी आधी मांडलं. अ-आ-इ पासून ज्ञ पर्यंत रांगेनं न जाता थोडी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह एकत्र घ्यायचं. समजा न, म, ल, क आणि काना घेतला, की लगेच नाक, कान, काम, माल, कमल, मामा, नाना. ञ आणि ङ यांची वाट बघत बसावं लागत नाही. अक्षरगट म्हणतात तो हाच, आणि आज तो आमच्या वर्गांतही रुळलाय.

आता ते ६० शब्द. 'शेतातल्या विहिरीजवळच्या झाडावरून माकडाने उडी मारली' हे मराठीत सहा शब्द झाले. हेच हिंदीत लिहा: 'खेत के कुएँ के पास वाले पेड़ से बंदर ने छलांग लगाई.' मोजा, बारा. आपली विभक्ती नि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात, म्हणून मराठी पोराचा एकेक शब्द वजनदार. एकच आकडा सगळ्या भाषांना कसा लावायचा? २०२२ साली दिल्लीच्या एनसीईआरटीनं, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेनं, तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास वीस भाषांत केला आणि वाचनवेगाचे निकष भाषेगणिक वेगळे काढले, ते बरं केलं. पण शिक्षकांच्या तोंडी साठच राहिला.

२०२५ च्या निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रमात दुसरी ते पाचवीची मुलं आली, चावडी वाचन आलं. गावासमोर पोरगं उभं राहून वाचणार म्हटल्यावर प्रत्येक बाई घड्याळ लावून सराव घेते. मीही घेतला. एकानं मिनिटात बासष्ट शब्द काढले, श्वास न घेता. विचारलं, "शेळी कुठं लपली?" तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या मागच्यानं एक्केचाळीसच वाचले, पण मधेच खुदकन हसला, कारण शेळी लांडग्याच्याच गुहेत शिरली होती. तक्त्यात पहिल्याचं नाव निपुण, दुसऱ्याचं नाही.

हा दुसरा म्हणजे त्याच आईचा धाकटा. तिला 'निपुण' मीच सांगितलं होतं, तक्ता भरायच्या आधी, भरवशावर. तिला मी खरं काय ते सांगितलं, आणि वाचनकोपऱ्यातलं एक न वाचलेलं पुस्तक दिलं. म्हटलं, मोबाईलचं घड्याळ लावू नका, वाचून झालं की काय झालं एवढंच विचारा.

दुसऱ्या दिवशी दूध घालून जाताना ती फाटकाशी थांबली. "रातभर म्हनत हुता, आई, त्यो कोल्हा लबाड न्हाई, भुका हाय."

पुस्तकात कोल्हा भुकेला आहे असं कुठंच लिहिलेलं नाही.