सिलिअ‍ॅक: गव्हापर्यंत पोचायला लागलेला काळ

गव्हानं बळावणाऱ्या सिलिअ‍ॅक या आतड्याच्या आजाराचं निदान झालं की घरातून पहिला प्रश्न येतो, "पोळीनं कुणाला काय होतंय?" यात अडाणीपणा नाही. वैद्यकालाही तो प्रश्न सोडवायला फार काळ लागला.

नाव ग्रीक 'कोइलिया'वरून, म्हणजे पोट. अन्न न पचताच बाहेर पडतं, माणूस खंगत जातो, हे वर्णन कॅपाडोशियाच्या अरेटियस या वैद्यानं सुमारे १९०० वर्षांपूर्वी केलं होतं. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८७ च्या व्याख्यानात पुढचं पाऊल टाकलं: रोगी बरा व्हायचाच असेल तर आहारानंच. त्यांच्याकडच्या एका मुलाला रोज हॉलंडचे शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) खाऊ घातले, तर ते बाळसं धरू लागलं. हंगाम संपला आणि पुन्हा आजारी पडलं. पण पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेला पाव गींनी चालवून घेतला. इतक्या जवळ येऊन गहू निसटला, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

तो हाती लागला विलेम डिके यांच्या. हेगमधल्या या बालरोगतज्ज्ञांना १९३० च्या दशकातच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना. आजूबाजूचे लोक उपाशी असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारत होती. पण डिके तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलांना ठरावीक धान्य द्यायचं आणि शौचातून किती चरबी वाया जाते ते मोजायचं, असं चिकाटीचं काम त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलं. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत दोष पिठातल्या स्टार्चचा नसून ग्लुटेन या प्रथिनाचा, हेही ठरलं.

ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे मखमलीसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. त्यासाठी डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं लागतात. ती असलेल्या बहुतेकांना मात्र आजार होत नाही. हल्ला ज्या एन्झाइमवर होतो ते १९९७ मध्ये ओळखलं गेलं. आजची टीटीजी रक्तचाचणी त्यावरच बेतलेली आहे. त्यानंतर सहसा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासतात. तपासण्या होईपर्यंत पोळी बंद करू नका, नाहीतर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. जनुकं दोन्हीकडे साधारण सारखीच, फरक ताटातल्या गव्हाचा.

उपचार अजून डिकेंचाच: गहू, जव, राय (हे विलायती धान्य, मोहरी नव्हे) जन्मभर वर्ज्य. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात, म्हणून भाकरीच्या घरात हे पथ्य थोडं सोपं. पण गिरणीत ज्वारी गव्हावर दळली तर ती भाकरीही बाधते. आणि फोडणीतला बांधणी हिंग बऱ्याचदा मैद्यात मळलेला असतो. डबीवरचे घटक वाचूनच तो घ्या.