रविवारी लेथ बंद का ठेवायचा?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझ्या एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे. धातू कातायचे दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि भिंतीवर खंडोबाची तसबीर. वीस वर्षं शाफ्ट आणि बुश असे यंत्रांचे भाग वळतोय, तरी नवं ड्रॉइंग हातात आलं की याचा चहा आजही थंड होतो. रविवारीही शटर अर्धं उघडंच. वहिनी चिडल्या की उत्तर ठरलेलं: "ज्याला कंटाळा येतो त्यानं सुट्टी घ्यावी. मला कुठे येतो?"

उत्तर बिनतोड वाटतं. पण कंटाळा आणि थकवा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि आवडीच्या कामात पहिला येत नाही म्हणून दुसरा लक्षात येत नाही.

थकवा आपल्याला नेमका कळतो, हा समजच मुळात कच्चा आहे. २००३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांची झोप सलग १४ रात्री मोजून कमी केली. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचं लक्ष दिवसेंदिवस ढासळत गेलं. शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांसारखी झाली. मात्र "किती झोप येतेय?" या प्रश्नाला ते देत असलेली उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. कामगिरी घसरत होती आणि माणसाला वाटत होतं, सवय झाली आता.

हा प्रयोग झोपेचा होता, सुट्टीचा नव्हे. पण मित्राच्या बाबतीत तो मला हमखास आठवतो. एका रविवारी संध्याकाळी त्याला २४.९८ मिलिमीटरचा शाफ्ट द्यायचा होता. जॉब खरं तर मापात आला होता. यानं मायक्रोमीटरवरची, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या उपकरणावरची, अर्ध्या मिलिमीटरची एक रेघ जास्त धरली, २५.४८ वाचलं आणि आणखी अर्धा मिलिमीटर कापला. शाफ्ट भंगारात. ही चूक आयटीआयच्या पहिल्या वर्षातल्या पोरांची. "पण मी दमलो नव्हतो रे," हे तो अजूनही सांगतो. मला वाटतं, तो खोटं बोलत नाही.

मेंदूत काय होत असावं, याचा एक धागा २०२२ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांना सापडला. दिवसभर डोक्याला ताण देणारी कामं करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचलेलं दिसलं. हलकी कामं करणाऱ्यांत तसं दिसलं नाही. शिवाय दमलेली मंडळी कमी कष्टात आणि लगेच मिळणाऱ्या बक्षिसाकडे झुकू लागली. प्रयोगातली कामं रटाळ होती हे खरं. पण आवडीचं काम करताना हा साठा होतच नाही, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

मग महिनाभर मनालीला जायचं का? तर तसंही नाही. नेदरलँड्समधल्या जेसिका डी ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ५४ नोकरदारांची सरासरी २३ दिवसांची सुट्टी तपासली. उत्साह आणि प्रकृतीचा आलेख आठव्या दिवशी सर्वांत वर पोचला, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात होता तिथे आला. म्हणजे विश्रांती वर्षभराच्या धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. जेवणासारखी ती पुन्हा पुन्हा लागते.

आठवड्याच्या सुट्टीचं महत्त्व इथे कळतं. आणि ती मागणारा माणूस ठाण्यातच जन्मला होता: नारायण मेघाजी लोखंडे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. तसबिरीखाली उभं राहून लेथ चालवणाऱ्या मित्राला मी हे ऐकवलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

पण नुसतं शटर ओढून भागत नाही. झबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रित्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामाचा शीण घालवणारे चार अनुभव मांडले: कामातून मन बाहेर निघणं, विसावा, काही नवं शिकणं आणि मोकळ्या वेळेवर आपला ताबा असणं. यातला पहिला आवडीनं काम करणाऱ्यांना सर्वांत जड जातो. नावडत्या कामाचा विचार सहा वाजता आपोआप सुटतो. आवडतं काम ठाण्यातल्या तळ्याकाठी, तलावपाळीवर शेंगदाणे खातानाही डोक्यात फिरत राहतं. मित्र पहिल्या दोन रविवारी तिथेच बसून मला नव्या सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे, हप्ते समजावत होता. याला मी सुट्टी म्हणणार नाही.

म्हणून त्यानं त्या चारांतली तिसरी गोष्ट धरली: नवं शिकणं. रविवारी सकाळी नौपाड्यात बासरी शिकायला जातो. शिकवणारा कॉलेजचा मुलगा, हा पन्नाशीचा विद्यार्थी. महिना झाला, फुंकर अजून बसत नाही, आणि लेथवर कधी कुणाची बोलणी न खाल्लेला माणूस तिथे निमूट ऐकून घेतो. फक्त परवा त्यानं गुरूंना विचारलं म्हणे, की पितळेची बासरी वळून आणली तर चालेल का.