साथीचा आदेश गावापर्यंत कसा पोचत आला

विदर्भातल्या खेड्यात सरकारचा निरोप पूर्वी कोतवालाच्या दवंडीतून यायचा. 1897चा साथरोग कायदा जेमतेम चार कलमांचा. त्यात अधिकार होते, शिक्षा होती. लोकांची समजूत घालण्याबद्दल काही नव्हतं. ते काम इकडे गाडगेबाबांनी खराटा आणि कीर्तन घेऊन केलं, तेही सरकारी पगाराविना. पुढे नागपूर आकाशवाणी आली, पल्स पोलिओच्या भिंती रंगल्या आणि 2005नंतर दारोदार फिरणाऱ्या आशाताई आल्या.

मार्च 2020मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली आणि यंत्रणा एकदम फोनवर सरकली. जिल्हाधिकाऱ्यांच्या सही-शिक्क्याचा आदेश पीडीएफ होऊन आधी तहसीलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडायचा, मग तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आणि शेवटी गावाच्या ग्रुपवर. जिल्हा माहिती कार्यालयाचे रोजचे आकडे त्याच वाटेने यायचे. अफवांनाही तीच वाट मोकळी होती. एप्रिलमध्ये व्हॉट्सअॅपने वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवण्याचं बंधन घातलं. कोरोना संसर्गाची सूचना देणारं सरकारी अॅप आरोग्य सेतू 2 एप्रिलला आलं, पण ते स्मार्टफोनवाल्यांचं. साध्या फोनसाठी 1921 या क्रमांकाची मिस्ड कॉल सेवा नंतर जोडावी लागली.

फेब्रुवारी 2021मध्ये दुसरी लाट राज्यात आधी अमरावती भागातच डोकावली. 22 तारखेपासून अमरावती आणि अचलपूर शहरं बंद झाली. आजूबाजूच्या गावांचा दवाखाना, बाजार, कृषी केंद्र सगळं तिथेच. त्यामुळे आदेश शहराचा असला तरी प्रश्न खेड्यांना होते: बियाण्याचं दुकान उघडं राहील का, एसटी मिळेल का? आदेशाच्या सरकारी मराठीतून ते उलगडत नव्हतं.

खरी अडचण लसीकरणात उघडी पडली. 1 मे 2021पासून 18 ते 44 वयोगटाला ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली आणि नोंदणीचं सरकारी पोर्टल कोविन सुरुवातीला इंग्रजीत. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू आदिवासींच्या पाड्यांवर, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे हे कोण करणार होतं? 24 मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली. पण लसीने माणूस मरतो, ही भीती पोर्टल काढू शकत नव्हतं. ती काढायला कोरकू बोलणारं ओळखीचं माणूसच अंगणात बसावं लागलं.

त्या काळातले अनेक ग्रुप अजून चालू आहेत. उन्हाळ्यात उष्माघाताच्या, पावसाळ्यात डेंग्यूच्या सूचना येतात. त्यातल्या कित्येकांवर मात्र फक्त अॅडमिनलाच लिहिता येतं.