ठिगळाशेजारचे काँक्रीट का फुटते?

छज्जा किंवा स्लॅबचा तळ दुरुस्त झाला, पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) भरले, वरून रंगही लागला. दोन-तीन वर्षांत पुन्हा भेग दिसते, पण ती ठिगळात नसते, ठिगळाला लागून असते. सोसायटीच्या सभेत याचे खापर कंत्राटदाराच्या मालावर फुटते. माल बरेचदा चांगलाच असतो.

खाऱ्या हवेतल्या इमारतींत घडते ते असे. जिथे सळई गंजत होती ती जागा ॲनोड, म्हणजे बॅटरीसारख्या जोडीतले झिजणारे टोक, होती. ती स्वतः झिजत होती आणि शेजारच्या सळईला कॅथोड, म्हणजे न झिजणारे टोक, बनवून तिचा गंज रोखून धरत होती. तिथले जुने काँक्रीट काढून 12 च्या वर पीएच असलेले, म्हणजे भरपूर अल्कली असलेले ताजे मॉर्टर भरले की ती सळई शांत होते. शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये मात्र क्लोराइड (सळई गंजवणारा मिठाचा अंश) तसेच असते. तिथल्या सळईचे संरक्षण गेले, आता ॲनोड व्हायची पाळी तिची. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा लागते, म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुगून फुटते. म्हणजे दुरुस्ती कुठे संपवायची हे डोळ्यांना दिसणाऱ्या पोपड्यांवरून ठरवता येत नाही.

आधी गंजाचे कारण कळायला हवे. मुख्य कारणे दोनच. एक कार्बोनेशन: हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो आणि काँक्रीटचा पीएच 9 च्या खाली आणतो. तपासणी स्वस्त आहे. काँक्रीट ताजे फोडावे, धूळ झटकावी आणि लगेच फिनॉल्फ्थॅलिनचे 1 टक्का द्रावण फवारावे. गुलाबी झाले तिथे अल्कली शाबूत आहे, रंग आला नाही तितकी खोली गेलेली. ही खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा 25 वर्षांत 20 मिमी गेली, तर त्याच काँक्रीटमध्ये 10 मिमी जायला सव्वासहा वर्षेच लागली असणार, आणि 40 मिमीला 100 वर्षे लागतील. स्लॅब भरताना सळईखाली कव्हर ब्लॉक (कव्हरची जाडी राखणारे ठोकळे) न ठेवण्याची किंमत या आकड्यांत दिसते.

दुसरे कारण क्लोराइड. वेगवेगळ्या खोलीवरची ड्रिलची भुकटी वेगवेगळ्या पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवावी. प्रमाण पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी असेल तर ते बाहेरून आले. सगळीकडे सारखेच असेल तर खारी वाळू किंवा खारे पाणी बांधकामातच गेले होते, आणि मग नुसत्या ठिगळांनी भागत नाही. मांडवीवरचा पणजीचा जुना पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, त्यामागे प्रीस्ट्रेसच्या, म्हणजे काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या, तारांचा गंज होता. सळईपेक्षा अशा तारांचा गंज जास्त घातक, कारण बाहेर फारसे काही न दिसता आत तारा तुटतात.

आता कागदपत्रांकडे. आपल्याकडे कुणाही कन्सल्टंटच्या तोंडी आयएस 456 असते, पण ते नव्या बांधकामाचे मानक आहे. किनाऱ्याच्या परिसरात किती कव्हर हवे (‘सीव्हिअर’ परिस्थितीत 45 मिमी), हे त्यात मिळते. दुरुस्ती कशी करायची ते शोधायला गेलात तर निराशा होईल. त्यासाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची आरसीसी इमारतींच्या दुरुस्तीची 2002 ची पुस्तिका अजूनही उपयोगी आहे. भूकंपासाठी जुनी इमारत बळकट करायची असेल तर आयएस 15988. सर्वांत नेमकी मांडणी युरोपच्या ईएन 1504 या 10 भागांच्या मानकात सापडते. त्याचा नववा भाग आधी वाचावा. त्यात 11 तत्त्वे आहेत: पहिली सहा काँक्रीटच्या बिघाडाची, पुढची पाच सळईच्या गंजाची. आधी कारण, मग तत्त्व, त्यानंतर पद्धत आणि सर्वांत शेवटी माल, असा तो क्रम आहे. आपल्याकडच्या निविदा नेमक्या उलट्या निघतात. अमुक कंपनीचे मॉर्टर, इतके चौरस फूट, इतका दर. कारणाचा कुठे उल्लेखच नसतो.

खरा वेळ खातात ती तोडफोड आणि साफसफाई, आणि चोरीही तिथेच होते. आधी टेकू लावून भार काढून घ्यावा. हातोडीने ठोकून बद्द आवाज येईल तो भाग खडूने आखावा, आणि तोड चांगल्या काँक्रीटपर्यंत न्यावी. कडा कटरने सरळ, सुमारे 10 मिमी खोल कापाव्यात. कडेला मॉर्टर कागदासारखे पातळ होत गेले की ते आधी तिथेच सुटते. सळई अर्धी उघडी करून थांबू नये. तिच्या मागे बोट जाईल इतकी, म्हणजे 20 ते 25 मिमी जागा मोकळी हवी, नाहीतर मागच्या बाजूचा गंज तसाच राहतो. ही ओळ बीओक्यूत, म्हणजे निविदेतल्या कामांच्या यादीत, नसेल तर कुणी करत नाही, कारण दर चौरस फुटाचा असतो आणि मागची तोड फुकटात जाते.

गंज ब्रशने किंवा सँडब्लास्टने काढून सळई कॅलिपरने मोजावी. डोळ्यांनी अंदाज चुकतो: 12 मिमीची सळई 10 मिमी झाली तर फक्त 2 मिमी गेल्यासारखे वाटते, पण छेदाचे क्षेत्र 113 वरून 79 चौरस मिमीवर येते, म्हणजे 30 टक्के ताकद गेली. तिथे जोडसळई (झिजलेलीला जोडून नवी सळई) टाकायची की नाही हे इंजिनिअरने हिशेबाने सांगावे. क्लोराइडच्या इमारतीत ठिगळाच्या कडेला जस्ताचे ॲनोड बांधण्याचा उपाय आहे. तो करायचा असेल तर सळईशी जोड विद्युतवाहक आहे का हे मल्टीमीटरने तपासावे, आणि त्या भागात सळईला इपॉक्सीचा लेप देऊ नये, नाहीतर प्रवाहाची वाटच बंद होते.

बाँडकोट म्हणजे जुने काँक्रीट आणि नवे मॉर्टर चिकटवणारा थर. त्याबद्दल एकच: इपॉक्सीचा कोट वाळला आणि मग मॉर्टर लावले, तर तोच थर जोड तोडणारा ठरतो. पॉलिमर मॉर्टरमध्ये सिमेंटच्या वजनाच्या 10 ते 20 टक्के घन पॉलिमर अपेक्षित असते. 15 टक्के धरले तर 50 किलोच्या पोत्याला 7.5 किलो. हे पॉलिमर द्रवरूपात, लेटेक्स म्हणून मिळते; लेटेक्समध्ये निम्मे पाणीच असते, म्हणून 15 किलोच्या आसपास लेटेक्स लागते, आणि त्यातले पाणी मिश्रणाच्या पाण्यातून वजा करावे लागते. साइटवर लेटेक्सच्या एका डब्यात सिमेंटची तीन पोती उरकतात तेव्हा हा हिशेब कुणी केलेला नसतो. जाडी जास्त असेल, विशेषतः खांबांना, तर थर चढवत बसण्यापेक्षा फर्मा लावून मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचे, आपोआप पसरणारे काँक्रीट) ओतावे.

पैसे देण्याआधी पुल-ऑफ चाचणी मागावी. 50 मिमी व्यासाची चकती चिकटवून ओढतात. ईएन 1504 मधल्या आर3 या ताकदीच्या वर्गातल्या मॉर्टरला 1.5 मेगापास्कल, म्हणजे सुमारे 300 किलो ओढ सोसायला हवी. त्यावरच्या आर4 वर्गाला 2 मेगापास्कल. आकड्याइतकेच महत्त्वाचे, ते कुठून तुटले. जोडावरच सुटले तर साफसफाई नीट झाली नव्हती. जुन्या काँक्रीटमध्ये तुटले तर जोड पक्का, पण मूळ काँक्रीटच किती ताकदीचे आहे ते या आकड्यातून कळते.

शेवटचा थर अँटी-कार्बोनेशन कोटिंगचा. कार्बन डायऑक्साइड अडवायचा आणि पाण्याची वाफ बाहेर जाऊ द्यायची, अशी दोन्ही कामे त्याने करायला हवीत. प्लॅस्टिकसारखा बंद रंग लावला तर आतली ओल फुगवटे आणते. शौचालयाखालच्या स्लॅबला मात्र हे कोटिंग लावून काही उपयोग नाही. तिथे वरच्या मजल्यावरचा पाइपचा सांधा आणि वॉटरप्रूफिंग आधी दुरुस्त झाल्याशिवाय खालच्या स्लॅबला हात लावू नये.