लॉर्ड लॅन्सडाउन आणि ‘बंद’ टांकसाळी : पार्श्वभूमी
पाचवे मार्क्विस ऑफ लॅन्सडाउन (१८४५-१९२७) आधी जमीनदार, बाकी सगळं नंतर. घराण्याचा वाडा विल्टशरमध्ये बोवुडला, पण जमिनीचा मोठा हिस्सा आयर्लंडात, मुख्यतः केरीत. १८८० साली बेदखल कुळांना भरपाई देणारं विधेयक येताच त्यांनी सरकारातलं पद सोडलं. १८८७ मध्ये त्यांच्या आयर्लंडमधल्याच क्वीन्स काउंटीतल्या इस्टेटीवर खंडात सूट मागणाऱ्या कुळांना घराबाहेर काढलं, तेव्हा ते कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. पुढच्याच वर्षी व्हाइसरॉय म्हणून भारतात आले.

त्यांच्या कारकिर्दीतल्या संमतिवयाच्या कायद्यावर आणि अफगाण सरहद्दीच्या ड्युरंड रेषेवर पुष्कळ लिहून झालंय. ‘टांकसाळी बंद केल्या’ हे वाक्य मात्र अजून अर्धवटच सांगितलं जातं.

जून १८९३ पर्यंत कोणीही मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदी नेऊन, शुल्क भरून रुपये पाडून घेऊ शके. रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन (वजनाचं इंग्रजी माप). त्यात शुद्ध चांदी १६५. जगात चांदी घसरली तसा रुपयाही दोन शिलिंगांवरून सव्वा शिलिंगाखाली आला (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स). महसूल रुपयांत, लंडनचा खर्च पौंडांत. सरकारचं गणित तिथं बिघडलं. २६ जूनला सिमल्यात कायदा झाला. दार बंद झालं ते खासगी चांदीला. सरकार हवं तेव्हा रुपये पाडू शकत होतं, आणि सोनं आणणाऱ्याला पौंडाला १५ रुपये, म्हणजे रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स, या दरानं देत होतं.

हा दर बाजारात टिकायला १८९८ उजाडलं. मधे रुपया १३ पेन्सच्या आसपास घुटमळला. चीन चांदीवरच राहिल्यानं मुंबईच्या गिरण्यांचं सूत तिथं महाग पडू लागलं. खरा फटका घराघरातल्या वाळ्या-तोड्यांना बसला. चांदी देऊन रुपये पाडून घेता येईनात, तेव्हा रुपयाभार चांदी म्हणजे जवळपास रुपया, हा हिशेब मोडला. १८७६-७८ च्या दुष्काळात दागिने वितळून टांकसाळीत जात. १८९६-९७ च्या दुष्काळात सोनार देईल तो भाव, वर हिणकस म्हणून कापलेला बट्टा. युरोपीय अधिकाऱ्यांना मात्र १८९३ सालीच अर्ध्या पगारावर विनिमय-भत्ता, म्हणजे रुपया घसरल्याची भरपाई, मंजूर झाला.

लॅन्सडाउन नंतर ब्रिटनचे युद्धमंत्री, परराष्ट्रमंत्री. १९०२ चा जपानशी करार, १९०४ चा फ्रान्सशी समझोता, १९१७ चं वाटाघाटींनी युद्ध मिटवा म्हणणारं पत्र. केरीतलं त्यांचं डेरीनचं घर १९२२ साली लुटून जाळलं गेलं. त्यांनी ते पुन्हा बांधून घेतलं.