नाशिकहून विमानाने खाऊ नेताना: काय चालते, कोणते कागद लागतात आणि जाहीर कुठे करायचे

जानेवारीत द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की नाशिकच्या घराघरांतून एकच विचारणा येते: लेकीकडे, नातवाकडे विमानाने खाऊ न्यायचा, त्याला काही परवानगी लागते का? देशातल्या देशात जाणार असाल तर वेगळा अर्ज नाही, परवाना नाही. परदेशी जातानाही लाडू, चिवडा, चकली अशा कोरड्या पदार्थांसाठी आपल्याकडून कोणताही दाखला घ्यावा लागत नाही. प्रश्न येतो तो ताजी फळे, भाज्या, दुधाचे पदार्थ, मांस-मासळी, तांदूळ, कडधान्ये आणि बिया यांचा. त्यांचे नियम उतरण्याच्या देशाचे असतात, आणि ते कडक आहेत.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. तुमच्या डब्याला तिघांची संमती लागते: विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीची, विमान कंपनीची आणि उतरण्याच्या देशाच्या कृषी व सीमाशुल्क खात्याची. एकाने सोडले म्हणून दुसरा सोडेलच असे नाही. मुंबईत कुणी हटकले नाही, बॅग विमानात चढली, तरी सिडनीत तोच डबा उघडून काढून घेतात. फसगत होते ती बहुतेक इथेच.

ओझरहून देशांतर्गत प्रवास

ओझरचे विमानतळ शहरापासून साधारण २० किलोमीटरवर आहे आणि ते हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ताब्यात आहे. इथून देशांतर्गत विमाने जातात. इकॉनॉमीच्या तिकिटावर साधारणपणे १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातले सामान नेता येते. तुमच्या तिकिटावर काय छापले आहे ते मात्र पाहाच. लागणारे कागद दोनच: तिकीट आणि फोटो असलेले ओळखपत्र. खाऊचे बिल कुणी मागत नाही.

हातातल्या बॅगेत अख्खी फळे, लाडू, चिवडा, पोळ्या, ठेपले चालतात. तिखट, काळा मसाला, लोणचे, तूप, श्रीखंड, आमरस, ओली चटणी हे सगळे चेक-इनच्या बॅगेत टाका. तिखटाची पूड हातात नेऊ देत नाहीत, कारण ती कुणाच्या डोळ्यांत फेकता येते. जे चमच्याने वाढता येते किंवा ओतता येते, ते यंत्रापुढे द्रव किंवा जेल ठरते. आंतरराष्ट्रीय विमानात अशा प्रत्येक डबीची कमाल मर्यादा १०० मिलिलिटर, आणि सगळ्या डब्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. अर्धी भरलेली २०० मिलिलिटरची बाटलीसुद्धा चालत नाही, कारण बाटलीचे माप पाहतात, आतला ऐवज पाहत नाहीत. तान्ह्या बाळाचे दूध व अन्न आणि औषधे यांना सूट आहे. पथ्याचे पातळ अन्न न्यायचे असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, तिच्यावरचे नाव तिकिटावरच्या नावाशी जुळायला हवे.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि गोटे मात्र हातातही नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत. त्यात तेल इतके असते की ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडते. मसाला घरीच करून न्या. चिवड्यातल्या तळलेल्या कापांचा हा प्रश्न नाही.

द्राक्षे आणि इतर नाजूक माल

थॉमसन असो, सोनाका असो की काळी शरद, तोडणीनंतर द्राक्ष आणखी गोड होत नाही. ते फक्त सुकते किंवा सडते. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी तोडलेला, कोरडा, देठ हिरवा असलेला घड घ्या. धुऊ नका. फुटलेला मणी कात्रीने काढून टाका, कारण एका मण्याच्या रसावर अख्खा घड बुरशी धरतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, मग भोके असलेल्या पनेटमध्ये, म्हणजे फळांच्या लहान प्लास्टिक डब्यात, कागद घालून भरा आणि पनेट पुठ्ठ्याच्या जाड पेटीत घट्ट बसवा. पोहोचल्यावर लगेच उघडू नका. गार फळाला गरम हवा लागली की घाम फुटतो. निर्यातीच्या पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड घालतात, तो घरच्या पेटीत घालू नये. दमा असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो, आणि एका दिवसाच्या प्रवासाला त्याची गरजही नाही.

काउंटरवर पेटी दिली की कर्मचारी तिला मर्यादित जबाबदारीचा टॅग लावतात आणि तुमची सही घेतात. नाशवंत माल खराब झाला तर कंपनी भरपाई देणार नाही, असा त्याचा अर्थ. सही देण्यावाचून मार्ग नसतो, म्हणून पेटीत किती पैशांचा माल घालायचा ते आधी ठरवा.

ओल्या, शिजवलेल्या पदार्थांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: परदेशी नेऊ नयेत. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून असे अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि उन्हाळ्यात तर एकच तास. नाशिकहून मुंबईला चार तास धरा. २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाल्यापासून वेळ वाचतो, तरी विमानाच्या तीन तास आधी पोहोचावेच लागते. त्यात अमेरिकेचे १६ तासांचे उड्डाण मिळवा. सामानाचा कप्पा म्हणजे फ्रिज नव्हे. तिथे भरले वांगे टिकत नाही. गुळाची पोळी टिकते, तिळाचे लाडू टिकतात, शंकरपाळे टिकतात.

थंड ठेवणे अगदीच भाग असेल तर ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) चालतो, पण विमान कंपनीची आधी परवानगी घेऊन, माणशी २.५ किलोपर्यंत. पेटी हवाबंद करू नका. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला पाहिजे, नाहीतर पेटी फुटते. पेटीवर आत ड्राय आइस असल्याचे आणि त्याचे वजन लिहा. परवानगीचा ईमेल छापून सोबत ठेवा.

वर हवेचा दाब कमी होतो आणि पाकिटे फुगतात. चिवड्याच्या पिशवीतली हवा दाबून काढा. लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरू नका, झाकणाखाली प्लास्टिक लावा, चिकटपट्टी गुंडाळा आणि बरणी दोन पिशव्यांत घालून कपड्यांच्या मधोमध ठेवा.

परदेशाचे नियम

अमेरिकेत प्रवाशाच्या बॅगेतून आलेली आपल्याकडची ताजी फळे-भाज्या जवळजवळ सगळी अडवतात. ताजा कढीपत्ताही नाही, कारण त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरतो. मांसाचे पदार्थ नाहीत. तांदूळ २०११ पासून बॅगेतून नेता येत नाही. खापरा भुंगेरा ही धान्याची कीड त्यांना नको आहे. आंब्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. फळांवर किरण सोडून कीड निष्प्रभ करणाऱ्या लासलगावच्या ‘कृषक’ विकिरण केंद्राला २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मान्यता दिली आणि त्याच वर्षी भारतीय आंबा तिकडे पुन्हा जाऊ लागला. पण तो विकिरण केलेला, तपासलेला, प्रमाणपत्रासह गेलेला व्यापारी माल असतो. तुमच्या बॅगेतल्या हापूसला ती वाट मोकळी नाही.

युरोपीय संघात अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर सोडले तर कोणत्याही ताज्या फळाला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागते. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेताच येत नाहीत, म्हणजे पेढे आणि बर्फीही नाही. ब्रिटनमध्येही मांस व दूध यांना बंदी आहे. ऑस्ट्रेलिया सर्वांत कडक: पेढा, बर्फी, रसगुल्ला अशी दुधाची मिठाई, तांदूळ, हरभरा, मूग, मसूर यांतले काही बॅगेत नको.

आखातात जाणाऱ्यांनी खसखशीकडे नीट लक्ष द्यावे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे आणि प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्यात जाते. सिंगापूरमध्येही ती निषिद्ध आहे. आपल्याकडे खसखस कुठे-कुठे असते ते आठवा: अनारशांवर, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत, कित्येक घरांच्या काळ्या मसाल्यात. मुलीच्या बाळंतपणाला दुबईला निघालेल्या आईने हौसेने केलेला डबा तिला पोलिसांसमोर उभा करू शकतो. लाडू न्या, पण खसखस न घालता करा. मसाला विकत घेतला असेल तर पाकिटावरचे घटक वाचा. सुटा आणला असेल तर करणाऱ्याला विचारा. खात्री होत नसेल तर घरीच ठेवा. विड्याची पानेही तिकडे नेऊ नयेत. विमान दुबई किंवा अबुधाबीत बदलायचे असले तरी हेच पाळा.

वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र कुणाला आणि कसे

हे प्रमाणपत्र ताज्या फळांना, भाज्यांना, रोपांना आणि बियांना लागते. शिजवलेल्या, तळलेल्या पदार्थांना नाही. अर्ज केंद्राच्या वनस्पती संगरोध विभागाच्या ऑनलाइन प्रणालीवर करतात. मुंबईत या विभागाचे कार्यालय शिवडीला आहे. नाशिकमध्ये द्राक्ष निर्यातीमुळे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात ही सोय असते. अर्जदाराचे ओळखपत्र, मालाचे नाव व वजन, खरेदीचे बिल, कोणत्या देशात कुणाकडे जाणार त्याचा पत्ता आणि त्या देशाने आयात परवाना मागितला असेल तर त्याची प्रत, एवढे तयार ठेवा. मग शुल्क भरून माल तपासणीला न्यायचा. कीड-रोग नसल्याची खात्री झाली की प्रमाणपत्र मिळते.

दोन किलो द्राक्षांसाठी एवढा खटाटोप करावा असे मला वाटत नाही. बेदाणे न्या, नाहीतर तिथल्या दुकानातली भारतीय द्राक्षे घ्या. रोपे किंवा बियाणे न्यायचे असेल तर मात्र याला पर्याय नाही.

यादी आणि जाहीर करणे

प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव इंग्रजीत लिहा. एका कागदावर सगळ्या डब्यांची यादी करा: पदार्थ, मुख्य घटक, वजन, घरचा की विकतचा. विकतच्या पदार्थाचे मूळ पाकीट फोडू नका, बिल जोडून ठेवा. सासू-सासरे एकटे प्रवास करत असतील आणि इंग्रजी बोलता येत नसेल तर ही यादीच त्यांच्या वतीने बोलते.

ऑस्ट्रेलियात उतरण्यापूर्वी मिळणाऱ्या कार्डावर, न्यूझीलंडमध्ये ऑनलाइन घोषणापत्रात खाद्यपदार्थ आहेत का, असे विचारतात. तिथे ‘हो’ लिहा. अमेरिकेत अधिकारी तोंडी विचारतो, त्यालाही हेच उत्तर द्या. जाहीर केलेला पदार्थ नियमात बसत नसेल तर तो काढून घेतात आणि तुम्ही पुढे जाता. लपवलेला सापडला तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड होतो. अमेरिकेत तो १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. विमानात मिळालेले सफरचंदही यात येते, ते विमानातच खा किंवा सोडून द्या.

निघताना सोडायला आलेल्यांना लगेच परत पाठवू नका. काउंटरवर बॅग जड भरली किंवा एखादा डबा नाकारला, तर तो त्यांच्या हाती घरी परत जातो. हातातल्या बॅगेतली वस्तू सुरक्षा तपासणीत अडली तर वेळ असल्यास काउंटरवर परत येऊन ती चेक-इनला देण्याची विनंती करता येते. म्हणून तपासणीला बोर्डिंगच्या तोंडावर जाऊ नका.