तांबडी दाढी कुणाची: व्हॅन गॉगची की रीडची?

ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयातलं, डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने काढलेलं एक लहानसं पोर्ट्रेट बघितलं की बहुतेकांच्या तोंडून निघतं, "हा तर व्हॅन गॉग!" नाही. हा अलेक्झांडर रीड, स्कॉटलंडचा चित्रविक्रेता. खरा व्हॅन गॉग बघायचा तर शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं सेल्फ-पोर्ट्रेट शेजारी ठेवा. दोन्ही चित्रं १८८७ सालची, पॅरिसमधली, उंचीला हातभरही नसलेली.

चेहऱ्यावर जाल तर फसाल. रीड तेव्हा व्हिन्सेंटचा भाऊ थिओ याच्याबरोबर चित्रविक्रीच्या एकाच पेढीत काम करत होता आणि काही काळ दोघा भावांच्या ऱ्यू लपिक या रस्त्यावरच्या घरात राहतही होता. रीड आणि व्हिन्सेंट दोघांना ओळखणारा चित्रकार हार्ट्रिक याने लिहून ठेवलंय की ते जुळे वाटावेत इतके सारखे दिसत. जवळ जाईपर्यंत समोरून कोण येतंय ते त्यालाही कळायचं नाही. तुलनेला फोटो घ्यावा, तर चित्रकार झाल्यानंतरचा, चेहरा नीट दिसेल असा व्हिन्सेंटचा खात्रीचा फोटोच नाही.

रंगकामात मात्र फरक दिसतो. शिकागोच्या चित्रात पार्श्वभूमीवर निळ्या-हिरव्या, नारिंगी ठिपक्यांची दाटी आहे. सरा या चित्रकाराची ठिपक्यांची पद्धत व्हिन्सेंट तेव्हा आपल्या परीने वापरून बघत होता. रीडच्या चित्रात ठिपके नाहीत, लाल-हिरवे लांबट फटकारे आहेत. पण हा फरक दोन चित्रांमधला, माणसांमधला नव्हे. त्यावरून कुणाचा चेहरा ते ठरत नाही. द ला फाय यांनी १९२८मध्ये केलेल्या व्हॅन गॉगच्या चित्रांच्या सूचीतही रीडचं हे चित्र सेल्फ-पोर्ट्रेट म्हणूनच नोंदलं गेलं. हे आपले वडील आहेत, हे ओळखलं रीडच्या मुलाने. माझ्या मते इथे घरच्या माणसाची साक्ष जाणकारांच्या नजरेपेक्षा वजनदार ठरली.

रीडचं दुसरं पोर्ट्रेट अमेरिकेत ओक्लाहोमाला आहे. त्यात तो आरामखुर्चीत बसलाय, तिथे घोळ व्हायचं फारसं कारण नाही.

थिओचं प्रकरण जास्त अवघड. तोही चित्रविक्रेताच. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयातलं, गवती हॅट घातलेलं एक चिमुकलं सेल्फ-पोर्ट्रेट मुळात थिओचं आहे, असं २०११मध्ये तिथल्या संशोधकांनी मांडलं. आधार काय, तर कानाचा गोलसर आकार, दाढीचा रंग आणि गुळगुळीत केलेले गाल. हे सगळ्यांना पटलेलं नाही. त्यामुळे चित्राच्या नावात आता 'सेल्फ-पोर्ट्रेट किंवा थिओचं पोर्ट्रेट' असे दोन्ही पर्याय आहेत.